हरलेल्या संघालाही पुढचा शनिवार हवा

प्रति,
सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील सर्व महाविद्यालयांचे माननीय प्राचार्य आणि त्यांच्या जिमखाना समित्या यांस,

विषय : एका दुपारी आटोपणारा महाविद्यालयीन फुटबॉलचा हंगाम



पावसाळ्याच्या मध्यावर केव्हातरी जिमखान्याच्या फळ्यावर चिठ्ठी लागते : फुटबॉल संघ निवड, दुपारी चार वाजता, मैदानावर. वीस-पंचवीस मुले येतात. त्यांतल्या निम्म्यांच्या पायांत स्टड असतात, बाकीची धावायच्या बुटांवर किंवा अनवाणी. आठवडाभर सराव होतो, तोही पाऊस उघडला तर. एलिजिबिलिटी फॉर्मवर सह्या होतात, कपाटातून मागच्या वर्षीचे किट निघते आणि एका सकाळी संघ एसटीने झोनच्या स्पर्धेला जातो. पहिल्याच फेरीत तगडा संघ समोर येतो. नव्वद मिनिटांनी, कधी त्याहूनही आधी, सगळे संपते. संध्याकाळच्या गाडीने मुले परत येतात, किट धुऊन जमा करतात आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्या महाविद्यालयाला फुटबॉल संघ आहे हे फक्त जिमखान्याच्या रजिस्टरला ठाऊक असते.

हे पत्र त्या उरलेल्या अकरा महिन्यांबद्दल आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट मान्य करायला हवी. स्पर्धांचा जिना आपण बांधलेला नाही. 1962 साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे येतात. आधी प्रत्येक झोनची स्पर्धा, मग इंटरझोनल, त्यातून विद्यापीठाचा संघ, त्याचे शिबिर आणि शेवटी पश्चिम विभागाची आंतरविद्यापीठ स्पर्धा, असा हा क्रम. वरच्या पायरीवरची तारीख ठरलेली असते, म्हणून खालच्या पायऱ्या घाईने चढाव्या लागतात. विद्यापीठाला संघ हवा असतो आणि तो वेळेत निवडायला बाद पद्धत सोयीची पडते. त्यात गैर काही नाही. पण निवडीसाठी केलेली ही सोय हाच आपल्या महाविद्यालयांनी संपूर्ण हंगाम मानला आहे, आणि तक्रार तिथे आहे.

थोडे गणित मांडू. सोळा संघांची बाद पद्धतीची स्पर्धा पंधरा सामन्यांत संपते. त्यांतले आठ संघ वर्षात नेमका एक सामना खेळतात आणि आणखी चार संघ दोन. म्हणजे चारांतले तीन संघ दोन किंवा त्याहून कमी सामन्यांत घरी जातात. तीन वर्षे नियमाने संघात असलेला एखादा डावा बचावपटू पदवी घेऊन बाहेर पडतो, तेव्हा त्याच्या नावावर सगळे मिळून तीन सामने असू शकतात. त्याला हेडर जमत नव्हता की वेळ साधता येत नव्हती, हे त्याला कळणार तरी कधी? चूक कळते एका सामन्यात आणि सुधारते पुढच्यात. पुढचा सामनाच नसेल, तर सरावाला यायला त्याला कारण उरत नाही. मग आपण वार्षिक अहवालात लिहितो की विद्यार्थ्यांमध्ये मैदानाची ओढ कमी झाली आहे.

या दोन जिल्ह्यांत मैदानाची ओढ कमी आहे, असे म्हणायला जीभ कशी वळावी हाही प्रश्नच आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 साली हेलसिंकीहून कुस्तीतले कांस्यपदक घेऊन आले. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर 2016 साली रिओत 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. सांगलीच्या संकेत सरगरने 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 248 किलो उचलले; त्यानंतरच्या प्रयत्नात त्याचा कोपर दुखावला. त्याचे सुवर्ण एका किलोने हुकले. साताऱ्याची आदिती स्वामी 2023 साली बर्लिनमध्ये वयाच्या सतराव्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती झाली. आटपाडी तालुक्यातल्या सचिन खिलारीने 2024 च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीत रौप्य मिळवले.

या यादीकडे नीट पाहिले, तर एक गोष्ट लक्षात येते. कुस्ती, धावणे, वजन, तिरंदाजी, गोळा. सगळे एकेकट्याचे खेळ. चांगला गुरू, एक तालीम किंवा माळरान आणि घरच्यांचा धीर एवढ्यावर इथला मुलगा किंवा मुलगी जगाच्या पातळीवर जाऊ शकते. वजनाच्या दांड्याला प्रतिस्पर्धी लागत नाही; तो रोज सकाळी तिथेच असतो. फुटबॉलला मात्र समोर दुसरे अकरा जण लागतात, आणि ते घरच्या चिकाटीने किंवा आईवडिलांच्या कष्टाने उभे राहत नाहीत. ते संस्थेनेच उभे करावे लागतात. कबड्डी आणि खो-खो हे सांघिक खेळ इथे टिकले, कारण त्यांच्या स्पर्धा गावोगावची मंडळे वर्षभर भरवतात. कॉलेजचा संघ हरला, तरी मुलगा रविवारी गावच्या मैदानावर खेळतोच. फुटबॉलला असा आधार या दोन जिल्ह्यांत फारच थोड्या ठिकाणी आहे. म्हणून कबड्डीच्या संघाकडे दुर्लक्ष झाले, तरी तो तग धरतो. फुटबॉलचा संघ त्याच दुर्लक्षाने मरतो.

शेजारच्या कोल्हापूरचे उदाहरण आपण सगळेच भाषणांत देतो. तिथे 1940 साली स्थापन झालेली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन आहे, शाहू स्टेडियम आहे, आणि पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल अशा तालमींचे संघ आहेत. पेठांची ईर्ष्या आहे आणि तिचे कधीकधी होणारे भांडणही आहे. पण कोल्हापूरच्या फुटबॉलचे श्रेय नुसत्या ईर्ष्येला देणे पुरेसे नाही. तिथल्या वरिष्ठ गटात सोळा संघांची साखळी स्पर्धा होते. एखादी तालीम पहिला सामना पाच गोलांनी हरली, तरी तिच्या दुसऱ्या सामन्याची तारीख आधीच ठरलेली असते. त्या पराभवाची पेठेत चर्चा होते, गोलकीपरला शिव्या बसतात, आणि तोच गोलकीपर पुढच्या सामन्यात पुन्हा उभा राहतो. कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, तो खेळाच्या अशा वातावरणात वाढलेला.

कोल्हापूर मोठे शहर आहे असे म्हणावे, तर गडहिंग्लज आहे. तालुक्याचे गाव. तिथली युनायटेड फुटबॉल असोसिएशन दिवाळीत एम. आर. हायस्कूलच्या मैदानावर अखिल भारतीय स्पर्धा भरवते आणि परराज्यांतले संघ तिथे येऊन खेळतात. मैदान शाळेचेच आहे, हे इथे मुद्दाम नोंदवायला हवे.

आता मागणी. दिवाळीनंतरच्या परीक्षा आटोपल्या की डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात आपल्या दोन जिल्ह्यांत महाविद्यालयांची साखळी स्पर्धा सुरू करावी. विद्यापीठाच्या वेळापत्रकाला हात लावायची गरज नाही. झोनची स्पर्धा जशी होते तशी होऊ द्या. ही स्पर्धा वेगळी, आपापसांतली, शनिवारची. सहा संघांचा एक गट धरला, तर प्रत्येक संघाला पाच सामने मिळतात, एकूण पंधरा सामने होतात आणि दर शनिवारी तीन याप्रमाणे पाच आठवड्यांत गट पुरा होतो. अंतरेही आवाक्यातली आहेत. सांगली आणि मिरज यांच्यात दहा किलोमीटर. साताऱ्याहून कोरेगाव वीस आणि वाई पस्तीसच्या आसपास. कराड, तासगाव-विटा आणि इस्लामपूर-आष्टा अशा भागांचे आपापले गट करता येतील. मुले सकाळी निघून संध्याकाळी घरी पोचतील. मुक्काम नाही, त्यामुळे खर्चाचा मोठा भाग आपोआप गळतो.

साताऱ्यासाठी यात आणखी एक कारण आहे. कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ हे समूह विद्यापीठ झाल्यापासून एकाच शहरातली काही महाविद्यालये एका विद्यापीठात आहेत आणि काही दुसऱ्या. म्हणजे हाकेच्या अंतरावरचे दोन संघ अधिकृत स्पर्धेत समोरासमोर येणारच नाहीत. शहरातली जी चुरस फुकट मिळाली असती, ती कागदोपत्री गेली. ती परत आणायला शनिवारची साखळी एवढा एकच साधा मार्ग दिसतो.

जगात इतरत्र काय चालते तेही पाहू. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन फुटबॉलचा खेळ वेगळा आणि पैसाही वेगळा, त्याच्याशी बरोबरी करण्याचे कारण नाही. पण तिथल्या वरच्या श्रेणीतला संघ नियमित हंगामात साधारण बारा सामने खेळतो, मग तो सगळे हरो की जिंको. जपानमध्ये विद्यापीठांच्या साखळ्या आहेत. काओरू मितोमा हा खेळाडू व्यावसायिक क्लबकडे जाण्याआधी त्सुकुबा विद्यापीठात शिकला, तिथल्या संघाकडून खेळला आणि चेंडू पायाशी ठेवून प्रतिस्पर्ध्याला चकवण्याच्या कौशल्यावरच त्याने पदवीचा प्रबंध लिहिला. पुढे तो इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये पोचला. आपल्याकडच्या एखाद्या बी.एस्सी.च्या मुलाने असा विषय मांडला, तर मार्गदर्शक कोण मिळेल, याची कल्पना करून पाहावी.

मैदानाबद्दल लिहिताना शब्द थोडे कडक होतील, त्याबद्दल आधीच क्षमा. आपल्या दोन्ही जिल्ह्यांतल्या जुन्या महाविद्यालयांना पूर्वजांनी जागा सढळ हाताने दिली. सांगलीचे विलिंग्डन 1919 चे, वालचंद अभियांत्रिकी आणि साताऱ्याचे छत्रपती शिवाजी कॉलेज 1947 चे. त्या पिढ्यांना इमारतीबरोबर मैदान लागते हे कळत होते. फुटबॉलच्या नियमांनुसार मैदान किमान 90 मीटर लांब आणि 45 मीटर रुंद चालते. चारशे मीटरच्या धावपट्टीच्या आत ते सहज बसते. तरीही अनेक ठिकाणी मैदानाच्या मधोमध क्रिकेटची खेळपट्टी असते. पावसात ती निसरडी, उन्हात दगडासारखी, आणि वळण घेताना गुडघा जातो तो नेमका तिथेच. प्रदर्शने, मेळावे आणि लग्नाचे मांडव यांसाठी मैदान भाड्याने दिले की महिनाभर खड्डे आणि खिळे उरतात. भाडे घ्यायचे तर घ्या, पण त्यातला ठरावीक हिस्सा माती, रोलर आणि पाणी यांवर खर्च होईल असा ठराव करा. प्रवेशाच्या वेळी प्रत्येक विद्यार्थी जिमखाना फी भरतो. तिचा खेळवार खर्च वर्षातून एकदा फलकावर लावला, तर बऱ्याच शंका मिटतील. काही नव्या उभ्या राहतील, पण त्याही उपयोगाच्याच.

झोनच्या स्पर्धेच्या वेळी पावसाची अडचण खरी आहे. पण हे दोन जिल्हे पावसाच्या बाबतीत अजब आहेत. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि माण, आटपाडी, जत या भागांत पाचशेच्या आसपास. ऑगस्टमध्ये साताऱ्याचे आणि कराडचे मैदान चिखलात असते, तेव्हा दहिवडी, आटपाडी किंवा जतला बहुतेक दिवस खेळता येते. स्पर्धेचे यजमानपद नेहमी मोठ्या शहरानेच का घ्यावे? दुष्काळी तालुक्यांना निदान या एका बाबतीत तरी त्यांच्या कोरड्या हवेचा फायदा होऊ द्या. सांगलीत 2019 आणि 2021 च्या पुरांनी काय केले, हे आयर्विन पुलाकडे पाहून वेगळे सांगायला नको. त्या शहरातल्या संघाने ऑगस्टमध्ये तयारीनिशी उतरावे ही अपेक्षाच चुकीची आहे.

यानंतर क्रीडा शिक्षकांचा प्रश्न. ज्यांना विद्यार्थी ‘स्पोर्ट्स सर’ म्हणतात, त्यांच्या नावाची पाटी पुष्कळ ठिकाणी आहे, माणूस नाही. 2018 साली राज्य सरकारने वरिष्ठ महाविद्यालयांतल्या 4738 पदांच्या भरतीला मान्यता दिली; त्यांत सहायक प्राध्यापक 3580 होते आणि शारीरिक शिक्षण संचालक 139. सबंध राज्यासाठी 139. पद मंजूर करणे आपल्या हातात नाही हे मान्य. पण जिथे माणूस आहे, तिथे त्याच्याकडे नॅकच्या फायली, प्रवेश समिती, शिस्त समिती आणि पाहुण्यांची सरबराई इतके सोपवायचे की मैदानावर जायला त्याला संध्याकाळी सहानंतरच सवड मिळावी, हे तर आपल्या हातात आहे. दुपारी चार ते सहा या वेळेत त्यांना कुठल्याही बैठकीला बोलावू नये, एवढी एकच गोष्ट एका परिपत्रकाने होण्यासारखी आहे. नॅकचीच काळजी असेल, तर पाचव्या निकषात विद्यार्थ्यांची क्रीडा पदके आणि क्रीडा उपक्रमांतला सहभाग यांनाही गुण आहेत. पाच शनिवारचे सामने तिथे मांडता येतील.

पंच कुठून आणायचे? कर्मवीरांच्या जिल्ह्यात हा प्रश्न पडू नये. ‘कमवा आणि शिका’ योजनेत विद्यार्थी वाचनालयात, बागेत, कार्यालयात काम करतात. त्याच योजनेत मैदान आखणे, गुणपत्रक लिहिणे आणि रेषेवर झेंडा घेऊन उभे राहणे ही कामे का घालू नयेत? जिल्हा संघटनेच्या मदतीने दोन दिवसांचे प्रशिक्षण दिले, तर दरवर्षी आठ-दहा मुले पंचगिरी शिकतील. त्यांतली एखाद-दुसरी पुढे परीक्षा देऊन खरोखरीची पंच होईल आणि खेळणे सुटले तरी तिचे मैदान सुटणार नाही.

वरच्या वाक्यात ‘होईल’चा कर्ता मुलगी आहे, हे लक्षात आले असेलच. 2 नोव्हेंबर 2025 च्या रात्री भारतीय महिलांनी नवी मुंबईत क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, तेव्हा सांगलीने उपकर्णधार स्मृती मानधनासाठी फटाके वाजवले. दुसऱ्या दिवशी किती महाविद्यालयांनी मुलींसाठी मैदानाची वेळ राखून ठेवली? मुलींचा अकरा जणींचा संघ जमत नसेल, तर सात जणींचा जमतो. गोलपोस्ट लहान, मैदान अर्धे. मार्च 2023 पासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट आहे, त्यामुळे प्रवासखर्चाची सबबही आधीइतकी जड राहिलेली नाही. मुलांचा सामना दुपारी तीनला असेल, तर मुलींचा एकला लावावा. त्याच मैदानावर, त्याच पंचांकडून.

एक लहानशी खंतही मांडू द्या. महाविद्यालयांची नियतकालिके चाळली, तर क्रीडा विभागाच्या पानावर संघाचा फोटो असतो. मागे प्राध्यापक उभे, पुढे ढाल, खाली नावांची ओळ. सामना कोणाशी झाला, किती गोल झाले, गोल कोणी मारला, कोण जखमी झाला, याचा एक शब्द नसतो. मराठी विभागात चांगले लिहिणारी मुले असतात. एका मुलाला किंवा मुलीला सगळे सामने पाहून वृत्तान्त लिहायला सांगा. पन्नास वर्षांनी कोणी या भागातल्या फुटबॉलचा इतिहास लिहायला बसला, तर त्याला निदान फोटोपलीकडचे काही सापडेल. 

खेळाडूंच्या पळवापळवीबद्दल फार लिहीत नाही. ऐन स्पर्धेपुरता प्रवेश घेऊन दुसऱ्या गावचा मुलगा संघात येतो आणि वर्षभर सराव केलेला वर्गातला मुलगा बाकावर बसतो, हे सर्वांना माहीत आहे. पाच सामन्यांची साखळी असली, तर हा प्रकार आपोआप थोडा आटोक्यात येईल, कारण उसना खेळाडू पाच शनिवार थांबत नाही.

खाशाबांची एक गोष्ट आपल्या पदाशी थेट नाते सांगणारी आहे. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा ते जिथे शिकले त्या कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, असे सांगतात. या पत्रात कोणाचे घर मागितलेले नाही. चुन्याची काही पोती, दोन जाळ्या, चार चेंडू, प्रथमोपचाराची पेटी आणि शनिवारी दुपारी मैदान मोकळे, एवढेच मागणे आहे.

येत्या दिवाळीच्या सुट्टीआधी प्रत्येक तालुक्यातल्या एका प्राचार्यांनी पुढाकार घेऊन शेजारच्या पाच महाविद्यालयांना बैठकीला बोलवावे. बैठकीला क्रीडा शिक्षक आणि संघांचे कर्णधारही असावेत. कर्णधार नसले तर चर्चा टीए-डीएवरच अडकेल. त्याच बैठकीत पाच शनिवारच्या तारखा लिहून निघावे आणि दुसऱ्या दिवशी त्या फळ्यावर लावाव्यात.



आपला,
झोनच्या मैदानाबाहेर उभा राहणारा एक प्रेक्षक

ता. क. : उचलून नेण्याचे लोखंडी गोलपोस्ट वापरत असाल, तर ते मागच्या बाजूने जमिनीला पक्के बांधून घ्यावेत. मुले जाळी लावायला आडव्या दांड्याला लोंबकळतात आणि सबंध सांगाडा अंगावर येऊ शकतो. हे काम साखळी सुरू होण्याची वाट न पाहता या आठवड्यातच करून घ्यावे.